पोतं आधी उघडून बघा

(पुण्यातल्या सार्वजनिक बागांमध्ये बिगारी म्हणून लागून एकतीस वर्षांनी मुकादम म्हणून निवृत्त झालेले आमचे माळीकाका दर महिन्याला वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पानगळीचे दिवस असल्याने या खेपेला आलेली बहुतेक पत्रं पाल्याची आणि फांद्यांचीच होती.)

प्रश्न : आमची कोथरूडला चाळीस बिऱ्हाडांची जुनी सोसायटी आहे. आवारात दोन मोठे रेन ट्री, एक आंबा आणि भिंतीलगत वड. फेब्रुवारी लागला की आठवड्याला आठ-दहा पोती पाला निघतो. झाडणारा माणूस पहाटे मागच्या बाजूला पेटवून देतो. मध्ये आम्ही खड्डा करून खत करून पाहिलं, पण वर्ष झालं तरी निम्मा पाला जसाच्या तसा. सेक्रेटरी म्हणतात, टेम्पो लावा आणि विषय संपवा. काय करावं?

उत्तर : पेटवणं आजच थांबवा. घनकचरा नियमांत बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायला सांगितलंय. २०१६ च्या डिसेंबरात हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५ हजार रुपये दंड ठरवला. पण मला दंडाहून त्या झाडणाऱ्या माणसाची काळजी वाटते. पहाटेचा दवाने ओला झालेला पाला पेटत नाही, नुसता धुमसतो, आणि तो धूर सगळ्यात आधी त्याच्याच छातीत जातो. मी बिगारी असताना सहा वर्षं हेच केलंय. काडेपेटी वरून मिळायची. तेव्हा त्याच्यावर ओरडू नका, पाला टाकायला त्याला जागा द्या.

आता तुमचं खत का अडलं ते. पुढच्या वेळी पोतं बांधायच्या आधी ते उघडून आत हात घाला. वरून सगळा पालाच दिसतो, पण आत तीन वेगळ्या जाती आहेत. रेन ट्रीची पानं बारीक, पातळ, आणि झाड शेंगवर्गातलं, म्हणजे पानात नत्र (नायट्रोजन) बऱ्यापैकी. ती दोन-तीन महिन्यांत चहापत्तीसारखी होतात. आंबा आणि वड यांची पानं जाड, वरून मेणचट. ती एकत्र टाकली की पत्त्यांच्या कॅटासारखी एकावर एक बसतात, मध्ये पाणी शिरत नाही की हवा शिरत नाही. तुमच्या खड्ड्यात जो निम्मा पाला उरला, तो उपसून बघा. आंब्याचा आणि वडाचाच असणार. खणलात तर आतून कोरडा ठणठणीत निघेल.

म्हणून पिंजरे वेगळे करा. कोंबड्यांसाठी वापरतात ती जाळी आणा, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच असे गोल पिंजरे उभे करा, सावलीत, मातीवर. फरशीवर नको, खालून गांडुळं यायला वाट हवी. तुमच्या आवाराला असे तीन पुरतील, कारण आज गळ्यापर्यंत भरलेला पिंजरा पंधरा दिवसांत कमरेपर्यंत बसतो.

दोन पिंजरे रेन ट्रीच्या पाल्याचे. वीतभर पाला, त्यावर घमेलंभर भाजीची देठं-सालं किंवा हिरवं गवत, वर पातळ शेणकाला, पुन्हा पाला. सुक्या पाल्यात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र कमी. साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र असा मेळ जमला की ढीग तापतो. तुम्ही आकडेमोड करत बसू नका. आतला मूठभर माल घेऊन दाबा, बोटांतून एक-दोन थेंब निघाले तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त, मूठ सोडल्यावर भुगा उडाला तर कमी. चौथ्या-पाचव्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवली नाही तर समजा आत ५५ अंशांच्या वर गेलंय, तणांचं बी मेलं. धरवली तर नत्र कमी पडलंय, शेणकाला वाढवा. पंधरा दिवसांनी ढीग खालचा वर, वरचा खाली.

तिसरा पिंजरा आंबा-वडाचा. याच्याकडून उष्णतेची अपेक्षाच करू नका. पाला भिजवा, पोरांना वर नाचू द्या म्हणजे चुरा होईल, गोणपाट झाका आणि पुढच्या पानगळीपर्यंत विसरून जा. हे काम बुरशीचं आहे, ती तिच्या चालीने करते. मध्ये उघडलंत तर पांढरे धागे दिसतील, घाबरून पावडर मारू नका. वर्षाने जी काळी, भुसभुशीत पानमाती निघते ती पाणी धरून ठेवते. रोपं लावायला तिच्यासारखं काही नाही. माझी आई सासवडला परड्यात असाच उकिरडा ठेवायची आणि चैत्रात उपसून अंजिराच्या बुंध्याला घालायची. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते म्हणतात, तिच्या उकिरड्याची दर चैत्रात फिटायची.

तरीही पाला उरलाच, तर पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम आहे. ज्याच्याकडे सुका पाला जास्त आहे आणि ज्याला गच्चीवरच्या बागेसाठी हवाय, अशांची तिथे गाठ पडते. आणि सेक्रेटरींना एवढंच सांगा की गांडूळखत, पावसाचं पाणी, सौर यंत्रणा अशा गोष्टी चालू ठेवणाऱ्यांना महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. टेम्पोवाला अशी सवलत देत नाही.

प्रश्न : लॉनचं कापलेलं गवत खताच्या टाकीत टाकते. तिसऱ्या दिवशी काळं, चिकट आणि वास असा की शेजारी बोलायचे बंद झाले. (औंध)

उत्तर : ताई, हिरवं गवत म्हणजे बहुतेक पाणीच, आणि उरलेल्यात नत्र. स्वतःच्याच वजनाने ते दबतं, हवा कोंडते आणि सडतं. अर्धा दिवस उन्हात पसरा, मग एका घमेल्याला तीन घमेली सुका पाला मिसळून टाका. दर आठवड्याला कापत असाल तर बारीक तुकडे तिथेच पडू द्या, दोन दिवसांत दिसेनासे होतात. मी ते एका बागेत सुरू केलं होतं. संध्याकाळी लॉनवर बसणाऱ्या आजोबांच्या पांढऱ्या पायजम्यांना हिरवे डाग पडले, लेखी तक्रार आली आणि गवत पुन्हा पोत्यात गेलं. तुमच्याकडे पांढरे पायजमे नसतील तर काही हरकत नाही.

प्रश्न : मी अभियंता आहे, नोकरी सोडून उद्योगाच्या विचारात आहे. शहरातल्या उद्यानांचा पाला आणि फांद्या हा फुकट कच्चा माल आहे. त्यापासून पांढरा कोळसा किंवा बायोचार तयार केला तर परवडेल का? (बाणेर)

उत्तर : ‘फुकट’ या शब्दापाशी जरा थांबू. नुकत्याच तोडलेल्या फांदीत जवळजवळ निम्मं पाणी असतं, आणि फांद्या एकमेकींत अडकून मध्ये हवाच जास्त. टेम्पो तुडुंब भरतो आणि वजनकाट्यावर काटा हलत नाही. डिझेल मात्र भरलेल्या टेम्पोएवढंच लागतं. माल फुकट, वाहतूक तुमची, असा हा धंदा आहे. ज्याने फांद्या जिथे पडल्या तिथेच बारीक केल्या, तो टिकला. बाकीच्यांचे टेम्पो मी विकले गेलेले पाहिलेत.

पांढरा कोळसा म्हणजे भुसा दाबून केलेले ठोकळे. बाहेरून काही चिकटवायला लागत नाही, लाकडातलंच लिग्निन दाबाने आणि उष्णतेने मऊ होऊन भुशाला धरून ठेवतं. पण त्यासाठी माल १०-१२ टक्के ओलीपर्यंत वाळवावा लागतो. आपल्याकडे जूनपासून चार महिने ऊनच नाही. साठवायला मोठी शेड हवी, नाहीतर ड्रायर, आणि ड्रायर लावला की तुमचा नफा तोच खातो.

दुसरी गोष्ट कुठल्या पुस्तकात सापडली नाही, मला ती अंगावर घ्यावी लागली. एका कारखानदाराला आम्ही चाचणीसाठी दहा-बारा पोती झाडलेला पाला दिला. दुपारी त्याचा फोन. आवाजावरूनच कळलं. खराट्याने झाडलेल्या पाल्यात माती आणि खडी असते, तिने यंत्राचा साचा घासून काढला होता. चहा पाजून त्याने पोती परत दिली, वर म्हणाला, “मुकादम, हा पाला नाही, कानस आहे.” तेव्हापासून माझा नियम पक्का झाला. छाटणीच्या फांद्या स्वच्छ असतात, त्या यंत्राला द्याव्यात. जमिनीवरून झाडलेला पाला जमिनीलाच द्यावा.

कोळशाचा दुसरा रस्ता पुण्याने आधीच चालून दाखवलाय. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाचं पाचट पिंपात, हवा तोडून जाळून त्याचा कोळसा केला. त्या कामासाठी २००२ साली त्यांना ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पाचट जळून शेतातच राख व्हायचं, त्याची स्वयंपाकाची कांडी झाली. झाडाच्या पाल्याचंही तसंच होतं : हवा न मिळता तापला की कोळशाची भुकटी, त्यात पिठाची खळ, दाबून कांड्या, उन्हात वाळवण. फक्त पानांत लाकडापेक्षा राख जास्त, म्हणून पाल्याची कांडी लाकडी कोळशाएवढी तापत नाही. शेगडीला चालेल, लोहाराला नाही.

बायोचार हा तोच कोळसा, पण मातीत घालायचा. मी पहिल्यांदा उत्साहाने वीस कुंड्या झेंडूत कोरडी भुकटी मिसळली आणि पंधरा दिवसांत वीसही कुंड्या पिवळ्या पडल्या. रिकामा कोळसा मातीतलं अन्न स्वतःकडेच धरून ठेवतो. आधी त्याला जीवामृतात (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या पाण्यात) किंवा ओल्या खतात पंधरा-वीस दिवस मुरवायचा, मग मातीत. ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितली नाहीत तर पहिल्या महिन्यातच तुमचं नाव खराब होईल.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. कोळशाच्या मागे लगेच लागू नका. चाकांवरचं एक फांद्या बारीक करायचं यंत्र घ्या आणि सोसायट्यांमध्ये फिरा. छाटणीच्या दिवशी जा, ढलप्या करा, तिथल्याच झाडांखाली पसरा, तासाचे पैसे घ्या. माल वाहायचा नाही, वाळवायचा नाही, विकायचा नाही. जोडीला चाळलेली पानमाती पोत्यात भरून विका. इथल्या नर्सऱ्यांमध्ये कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या, विटा तमिळनाडू-केरळातून येतात, आणि आपल्या आंब्या-वडाचा पाला दारात पडून असतो. हे मला कधीच पटलं नाही.

प्रश्न : रेन ट्रीच्या चिकट शेंगा बुटाला लागतात. त्यांचा काही उपयोग आहे का? मी सहावीत आहे. (पाषाण)

उत्तर : आहे ना बाळ! शेंगेतला तो चिकट गर गोड असतो, शेळ्या आणि गुरं तो आवडीने खातात. आमच्याकडे उन्हाळ्यात एक धनगर मामा यायचे, शेंगांची दोन पोती न्यायचे आणि बदल्यात लेंड्यांचं एक पोतं टाकून जायचे. आम्हाला वाटायचं आम्ही फसवलं, त्यांना वाटायचं त्यांनी. तू एक शेंग फोडून बी पाण्याने धू. तपकिरी बीवर घोड्याच्या नालेसारखी पिवळसर रेघ दिसेल. मात्र शेळीला कुणी कण्हेरीचा पाला घालत असेल तर त्याला थांबव, ती विषारी आहे. कण्हेर खताच्या ढिगात पूर्ण कुजली की चालते, पोटात नाही.

प्रश्न : मागच्या पावसाळ्यात आवारातला जुना गुलमोहर पडला. ओंडके तसेच आहेत, बारीक फांद्यांच्या ढलप्या करून घेतल्या. कुणी म्हणतं ताज्या ढलप्या घातल्या की झाडं मरतात. आणि ओंडक्यांचा बाक करता येईल का? (सहकारनगर)

उत्तर : ढलप्या मातीत मिसळल्या तर त्या कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलं नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. लोकांचं म्हणणं तिथून आलंय. पण वर पसरल्या तर तसा त्रास होत नाही. दोन-तीन इंचांचा थर द्या. ऊन अडतं, तण दबतं, पाणी निम्म्या वेळा घालावं लागतं. एक पथ्य पाळा : खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. मी ती सोडली नव्हती. एका बागेत तीन वर्षांच्या बकुळीला हौसेने ढलप्यांची गळ्यापर्यंत शाल गुंडाळली, आणि पावसाळ्यात साल कुजून ती गेली. बकुळीला तीन वर्षं म्हणजे कुठे गुडघ्याएवढी झालेली असते. अजून मला त्या वाटेने जाववत नाही.

गुलमोहराचा बाक विसरा. लाकूड मऊ, वाळवी आणि बुरशी दोन पावसाळ्यांत संपवतात. ओंडके उभे पुरून वाफ्याची कड करा, कुजतील तेव्हा मातीच होईल. हाच पडलेला वृक्ष रेन ट्री असता तर मी उलट सांगितलं असतं. त्याच्या गाभ्याचं गडद लाकूड सुंदर असतं, वाडगे आणि फळ्या निघतात, फक्त पडल्यावर लवकर कापून सावलीत वाळवावं लागतं. पांगारा असता तर तो हलका म्हणून खेळण्यांना जातो. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वी त्याचीच होत. झाड पडलं की सगळ्याची ‘लाकडं’ करून मोकळं होण्याआधी कुठलं झाड आहे ते बघावं. आणि उभं झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘धोकादायक होतं हो’ हे उत्तर नंतर चालत नाही.

प्रश्न : नारळाच्या झावळ्या कचऱ्याची गाडी घेत नाही. (शनिवार पेठ)

उत्तर : गाडीने घेऊ नयेच. पाती सोलून हीर काढा, त्यांचे चांगले खराटे होतात. पाती खताच्या पिंजऱ्यात तळाला घाला, त्यामुळे खालून हवा खेळते. जाड देठ वर्षभर पडलेला बरा. सोडणं तुकडे करून आठवडाभर पाण्यात ठेवा, दोनदा पाणी बदला म्हणजे क्षार उतरतो, मग कुंडीच्या तळाला घाला. पेठेतल्या घरांना परसदार उरलं नाही हे मला माहीत आहे, पण खराटा जिन्याखालीही बांधता येतो.

प्रश्न : रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत उपटून खत केलं तर चालेल का? पुन्हा तेच उगवेल अशी भीती वाटते. (धानोरी)

उत्तर : फुलं यायच्या आधी उपटलं तर चालेल, चांगलं खत होतं. पांढरी फुलं दिसली की नाही, कारण बी बारीक आणि हजारोंनी. तुमचा ढीग सळई पोळेल एवढा तापतोय याची खात्री नसेल तर विषाची परीक्षा घेऊ नका. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. माझ्या हाताखालच्या दोघांच्या कातडीला त्याची कायमची खाज लागली. हे गवत अमेरिकेतलं, पण भारतात त्याचा बोभाटा सुरू झाला तो आपल्या पुण्यातून : १९५५ साली ते इथे उकिरड्यावर उगवलेलं आढळलं. पुणेकरांनी जगाला बरंच दिलं असेल, हे मात्र आपण देशाला दिलं.

प्रश्न : पालाखताच्या पिंजऱ्यात अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वळलेल्या अळ्या निघाल्या. माळी म्हणतो हुमणी आहे, सगळं खत फेकून द्या. (वारजे)

उत्तर : फेकू नका. हुमणी मुळं खाते, ती खरीच वाईट. पण पाल्याच्या ढिगात बहुतेक वेळा दिसतात त्या तिच्या चुलत बहिणी, फुलांवर बसणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. त्या कुजका पाला खातात आणि बारीक लेंड्या टाकतात. तुमचं निम्मं काम त्याच करतायत. रूप दोघींचं सारखंच, C सारखं वळलेलं अंग आणि तपकिरी डोकं, म्हणून माळी चुकला तर त्याचा दोष नाही, मीही कैक वर्षं त्या कावळ्यांना घातल्या. ओळखायची सोपी रीत आहे. अळी फरशीवर ठेवा आणि गप बसा. थोड्या वेळाने ती सरळ होईल. पायांवर चालायला लागली किंवा कुशीवर वळवळत राहिली तर हुमणी, कावळ्याला द्या. पाठीवर उताणी होऊन, पाय वर करून सरकायला लागली तर ती आपली, तिला परत पाल्यात सोडा आणि खत चाळाल तेव्हा हाताने बाजूला काढा, चाळणीत चिरडतात.